बाणाचे स्वतःचे काय?

कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता सह्याद्री ओलांडून, अवघा देश ओलांडून, पार मराठवाड्यात बालाघाटाच्या डोंगररांगेवर अंबाजोगाईला आहे. घरात लग्न झाले, मुंज झाली, बाळ जन्माला आले की योगेश्वरीची ओटी भरून यायचे, हा क्रम तिथे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. देवी इकडे आणि लेकरे तिकडे असे का, याच्या कथा अनेक आहेत आणि त्या सांगणारेही अनेक आहेत. मला मात्र या प्रवासात एक वेगळीच गोष्ट दिसत आली आहे, ती अशी की ज्यांच्या भूमीची कथाच मुळी एका बाणापासून सुरू होते असे हे लोक आहेत. परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली, दिलेल्या भूमीवर आपण पाय ठेवणे योग्य नव्हे म्हणून तो सह्याद्रीच्या कड्यावर आला, तिथून त्याने समुद्रावर बाण सोडला, आणि बाण जिथवर गेला तिथवर पाणी मागे सरले. कोणी एक बाण म्हणतात, कोणी चौदा म्हणतात, कोणी बाणाऐवजी परशूच फेकला असे सांगतात. गोव्यात सासष्टीतल्या बाणावलीत तो बाण आमच्याच गावी पडला अशी श्रद्धा आहे. तपशिलाचा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. आपण साधक आहोत, तेव्हा आपण इतकेच पाहू, की ज्या हाताने तो बाण सोडला त्या हातात त्या क्षणी स्वतःचे म्हणावे असे मातीचे ढेकूळसुद्धा उरले नव्हते, आणि तो बाण कोणाच्याही छातीत शिरला नाही.

सज्जनहो, बाण म्हटले की आपल्यासमोर लगेच धनुर्धर उभा राहतो. राम आठवतो, अर्जुन आठवतो, त्यांच्या खांद्यावरचा भाता आठवतो, आणि बाण त्या भात्यातून डोकावणारी एक काडी एवढाच राहतो. गोष्टीत नाव धनुर्धराचे होते, पोवाडा त्याचा गायला जातो, आणि जखम करून किंवा हुकून पडलेला बाण रणांगणावर तसाच राहतो. म्हणून मुंडकोपनिषदातला तो प्रसिद्ध दृष्टान्त प्रथम वाचताना माणूस नकळत चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो. तिथे ओंकाराला धनुष्य म्हटले आहे, ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे, आणि आत्म्याला, म्हणजे ज्याला आपण ‘मी’ म्हणून कवटाळतो त्याच्या आतल्या खऱ्या धन्याला, धनुर्धर न म्हणता बाण म्हटले आहे. उपासनेने त्याला धार लावावी, सावधपणे वेध घ्यावा आणि बाण जसा लक्ष्यात शिरून लक्ष्याचाच होतो तसे तन्मय व्हावे, असा तो उपदेश आहे. ऋषीने नेमबाजाची प्रतिष्ठा आपल्याला दिली असती तर आपल्याला फार आवडले असते. ती दिली नाही आणि बाणाची जागा दिली. मग या बाणाचे असे काय आहे की त्याच्याशी आपले नाते जोडावे, याचा विचार आपल्याला केलाच पाहिजे.

तर बाणाचे स्वतःचे काय आहे ते एकदा मोजून पाहू. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराचे वर्णन करताना बाणांची सामग्री नोंदवली आहे, आणि ती एखाद्या कोठीवाल्याच्या वहीसारखी कोरडी असल्यामुळेच मला प्रिय आहे: धनुष्य ताडाचे, वेळूचे, लाकडाचे किंवा शिंगाचे, दोरी मूर्वेची, रुईची, तागाची, नाहीतर स्नायूंची, बाणाची काडी वेळूची किंवा बोरूची, नाराच मात्र सगळा लोखंडाचा, आणि टोके लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची, कापण्यासाठी, भेदण्यासाठी आणि नुसते ताडन करण्यासाठी. धनुर्वेदाचे ग्रंथ आणखी पुढे जाऊन पिसांचा हिशेब देतात. कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशा पक्ष्यांची पिसे, एका बाणाला चार, सहा अंगुळे लांब कातरलेली. पुढे जाड असलेला बाण दूर जातो म्हणून तो स्त्री, मागे जाड असलेला खोल शिरतो म्हणून तो पुरुष, आणि सर्वत्र सारखा असलेला नपुंसक, तो सरावाला उत्तम, अशी त्यांची वर्गवारी आहे. आता या यादीतून एकेक गोष्ट ज्याची त्याला परत करत चला. पीस पक्ष्याचे, ते पक्ष्याला दिले. काडी वेळूच्या बेटाची, ती बेटाला दिली. लोखंड खाणीचे. वेग धनुष्याचा, तोही मुळात ओढणाऱ्या दंडाचा. दिशा डोळ्याची. इतके परत केल्यावर हातात काय उरते?

हाच हिशेब अंबाजोगाईच्या एका थोर पुरुषाने कापडावर मांडून ठेवला आहे. दासोपंत, जन्म १५५१, देहत्याग १६१५, दत्तात्रेयाचे अनन्य भक्त. गीतेवरचा त्यांचा गीतार्णव एवढा अफाट आहे की त्याचे नाव घेतानाच माणूस दमतो. परंतु त्यांचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती पासोडी, म्हणजे जाड्याभरड्या कापडाची सुमारे चाळीस फूट लांब पट्टी आणि तिच्यावर हाताने लिहिलेल्या ओव्या. लोक कापडाच्या लांबीचेच नवल करतात. त्यावर लिहिले आहे ते पंचीकरण आहे, हे मात्र थोडे लोक सांगतात. पंचीकरण म्हणजे या देहातले काय कोणाचे याची झडती: हाड-मांस पृथ्वीचे, रक्त-घाम पाण्याचा, भूक-तहान तेजाची, चलनवलन वायूचे, आणि जी पोकळी ती आकाशाची. ज्याचे त्याला देत गेले की ‘माझे’ म्हणून ठेवलेली कोठी रिकामी होत जाते, आणि रिकामी होणारी ती कोठी पाहणारा तेवढा शिल्लक राहतो. बाणाची झडती आणि देहाची झडती यांत मला तरी काही अंतर दिसत नाही.

तरीही एक गोष्ट बाणाची स्वतःची आहे असे कोणी म्हणेल, आणि ती म्हणजे त्याचा सरळपणा. पीस दुसऱ्याचे, वेग दुसऱ्याचा, पण सरळ आहे तो बाणच ना? इथे भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताकडे जाऊ. यदुराजाने त्याला विचारले, बाबा, तू कोणाकडून शिकलास? त्याने आपले चोवीस गुरू सांगितले, पृथ्वीपासून कोळ्यापर्यंत, आणि त्यांत एक इषुकार आहे, म्हणजे बाण घडवणारा. तो बाणाची काडी सरळ करण्यात असा गढून गेला होता की शेजारून राजाची स्वारी निघून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागला नाही. याच एकादश स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत रचले, आणि दासोपंत हे नाथांचे समकालीन. गोदेच्या काठी आणि बालाघाटाच्या माथ्यावर त्या काळात हा इषुकार किती घरांत कीर्तनातून पोचला असेल! अवधूताने चोवीस जणांत शिकारी घेतला नाही, सेनापती घेतला नाही, नेम धरणारा कोणीही घेतला नाही. बाण नीट करणाऱ्याला गुरू केले.

या कामात इतके गढून जाण्यासारखे काय आहे ते ज्याने कोणाला बाण घडवताना पाहिले असेल त्याला सांगावे लागत नाही. सातपुड्यातला भिल्ल कारागीर बांबूची काडी निखाऱ्यावर धरतो, जिथे वाक आहे तेवढीच जागा गरम करतो, मग काडी डोळ्यासमोर आडवी धरून एक डोळा मिटून तिच्या टोकापर्यंत पाहतो, अंगठ्यांनी किंचित दाबतो, थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवतो, पुन्हा पाहतो. वाक एका ठिकाणी काढला की दुसरीकडे दिसू लागतो, कारण तो आधीपासून तिथे होताच, पहिल्या मोठ्या वाकाने झाकला होता इतकेच. दाब जास्त झाला तर काडी तडकते, कमी झाला तर थंड होताना ती पुन्हा आपल्या जुन्या सवयीवर जाते. म्हणजे बाणाचा सरळपणाही त्याला जन्मतः मिळालेला नाही. तो कोणाच्यातरी नजरेने आणि कोणाच्यातरी विस्तवाने दिलेला आहे. बाणाने फक्त तडकायचे नाही, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित. आणि हे एवढेही थोडे नाही, हे ज्यांनी आपल्या गुरूच्या हाताखाली काही वर्षे काढली आहेत ते जाणतात.

आता त्या सरळपणाच्याही आत उतरू. बोटांनी दोरी सोडली जाते तेव्हा ती बोटांवरून किंचित आडवी घसरते, आणि मागून एकदम आलेल्या त्या रेट्याखाली बाण सरळ राहूच शकत नाही. तो वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो, उलट बाजूला वाकतो, आणि असा डुलत डुलत पुढे गेल्यावर मग स्थिर होतो. अतिवेगाने घेतलेल्या छायाचित्रांत हे डोळ्यांनी पाहता येते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो बाण मासळीसारखा पोहतो आहे असे वाटते. काडी फार ताठ असली तर ती वळसा घेत नाही आणि एका बाजूला जाते, फार लवचिक असली तर दुसऱ्या बाजूला. म्हणून ज्या धनुष्याची जशी ओढ तशी बाणाची लवण जुळवावी लागते. सरळ जाणाऱ्याला वाकता आले पाहिजे, आणि तेही ज्याच्या हाती तो आहे त्याच्या मापाने. नम्रतेवर पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत आपण, पण बाणाच्या या वाकण्यात जी नेमकी मोजणी आहे, इतकेच आणि याहून अधिक नाही अशी, ती त्यांत क्वचितच सापडते.

बाणाला बळ धनुष्याचे मिळते असे मघाशी म्हटले. धनुष्याचे बळ म्हणजे काय? ओढलेल्या दोरीतला ताण. तो ताण कोणीतरी सोसलेला असतो. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियनने लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानचे धनुर्धर पुरुषभर उंचीचे धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून दोरी मागे ओढत, आणि त्यांचे बाण तीन हातांना किंचितच कमी असत. हात, पाठ, पाय, सगळे शरीर त्या ताणात सामील झाल्यावर बाण निघे, आणि ताण धरून ठेवून नेम साधणे हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचे फळ असे. युरोपात आणि चीनमध्ये जे आडवे धनुष्य लाकडी दांड्यावर बसवून वापरले गेले, ज्याला आज आपण क्रॉसबो म्हणतो, त्याने नेमकी इथेच क्रांती केली. रिकिबीत पाय घालून किंवा चक्राने दोरी ओढायची, ती एका खाचेत अडकवायची, खोबणीत आखूड जाड बाण ठेवायचा. आता ताण यंत्र सोसते आहे, माणूस मोकळा आहे, त्याने सावकाश नेम धरावा आणि चाप दाबावा. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याबरोबर या यंत्राचे काशाचे चाप सापडले आहेत, म्हणजे युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी. आपल्याकडे निकोबारात आणि ईशान्येच्या डोंगरांत शिकारीसाठी तिचा वापर झाला, पण दख्खनच्या युद्धांत तिने कधी घर केले नाही.

क्रॉसबोचा बाण पाहिला तर त्याच्यावरून ही सगळी कथा वाचता येते. साध्या बाणाच्या निम्म्याहून आखूड, बोटाएवढा जाड, टोक चौकोनी आणि वजनदार, आणि पिसे पुष्कळदा दोनच, तीही लाकडाच्या किंवा चामड्याच्या पातळ पट्ट्यांची, कारण खोबणीत खालच्या बाजूला तिसऱ्या पिसाला जागा नाही. त्याला फार वाकावे लागत नाही, कारण दोरी बोटांवरून घसरत नाही. चिलखत भेदणे एवढे एकच काम त्याला दिले होते आणि ते तो उत्तम करी. ज्याने आयुष्यभर अभ्यास केला त्या सरदाराला, ज्याने काही आठवड्यांपूर्वी हत्यार हातात धरले असा शेतकरी दुरून आडवा करू लागला, तेव्हा युरोपात खळबळ उडाली. ११३९ साली रोमच्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवण्यास बंदी घातली. बंदी कोणी पाळली नाही. माझ्या मते ती पाळली जाण्यासारखी नव्हतीच, कारण तिने खुद्द क्रोधाला सोडून दिले आणि क्रोधाच्या हातातल्या काडीला शिक्षा केली.

पुढे साठ वर्षांनी, ११९९ च्या मार्च महिन्यात, फ्रान्समधल्या शालू नावाच्या एका लहान गढीला इंग्लंडचा राजा रिचर्ड वेढा घालून बसला असता तटावरून क्रॉसबोचा एक बाण आला आणि त्याच्या खांद्यात रुतला. बाण काढताना जखम चिघळली आणि एप्रिलमध्ये राजा गेला. इतिवृत्तकार सांगतात की मरण्यापूर्वी त्याने बाण सोडणाऱ्याला समोर आणवले आणि क्षमा केली. आणि हेही सांगतात की राजाचे डोळे मिटल्यावर त्याच्या माणसांनी त्या बिचाऱ्याला सोडले नाही. याच सुमारास, शके १११० म्हणजे ११८८ हा काळ परंपरेने सांगितला जातो, इकडे अंबाजोगाईला मुकुंदराज विवेकसिंधू रचत होते, मराठीत अद्वैत मांडत होते. त्यांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आजही आहे. मला या दोन ठिकाणांचा काही संबंध जोडायचा नाही, तसा तो नाहीच. पण शालूच्या तंबूतला तो मरणारा राजा क्षणभर जे उमगून बोलला ते इथल्या दरीत कोणालाही समजले असते: बाणाशी वैर करून काय मिळणार, आणि बाण सोडणाऱ्याशी तरी करून काय मिळणार, तोही कोणाच्यातरी दोरीवरून सुटलेलाच.

यंत्राने ताण सोसला म्हणून बाण हलका झाला नाही, तो तितकाच खोल शिरला. हलका झाला तो माणूस, आणि तो फार हलका झाला. मी यंत्राचा शत्रू नाही. परंतु ज्याने स्वतः ताण धरला आहे त्याला बाण सोडण्यापूर्वी एक क्षण असा मिळतो की त्या क्षणी तो अजूनही दोरी हळूच परत सोडू शकतो, आणि हात थरथरत असल्यामुळे त्याला त्या क्षणाची पुरती जाणीव असते. ज्याचा ताण खाचेत अडकला आहे त्यालाही तो क्षण असतोच. फक्त थरथर नसते, म्हणून तो क्षण लक्षात येत नाही. उपनिषदाने वेधासाठी सावधपणाची अट का घातली असेल ते इथे थोडे उमगते.

आता बाणाची एक उलटी कथा. आपल्या मराठी कागदपत्रांत, विशेषतः पेशवाईच्या काळात, बाण शब्द आला की तो पिसांचा बाण असेलच असे नाही. पुष्कळदा तो दारूचा बाण असतो, म्हणजे लोखंडी नळीत दारू ठासून ती लांब बांबूला बांधायची आणि वात पेटवून शत्रूकडे सोडायची. दिवाळीत बाटलीत उभा करून सोडतात त्याचाच हा थोरला भाऊ. अंबाजोगाईहून फार दूर नाही, शेजारच्या नगर जिल्ह्यात जामखेडजवळ खर्डा आहे; तिथे ११ मार्च १७९५ रोजी निजामाची आणि मराठ्यांची लढाई झाली, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या सैन्याने निजामाच्या घोडदळावर अशा बाणांचा पाऊस पाडला आणि त्याच वेळी तोफाही सुटल्या, आणि घोडदळ उधळले. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूनेही हे अस्त्र फार वाढवले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती ते लागले आणि पुढे काही वर्षांत काँग्रीव्हने विलायतेत त्यावरून आपले रॉकेट बनवले. म्हणजे आज जी याने आकाशात जातात त्यांच्या वंशावळीत हा आपला बाण कुठेतरी बसतो, आणि त्याचा अभिमान वाटण्यात काही चूक नाही.

पण साधकाच्या दृष्टीने पाहा. या बाणाला बळ उसने घ्यावे लागत नाही, त्याची आग त्याच्या पोटातच आहे, त्याला धनुष्य नको, दोरी नको. बाणांच्या सगळ्या कुळात ‘स्वतःचे’ म्हणावे असे काही ज्याच्याजवळ आहे असा हा एकटाच. आणि नेमका हाच कुठे जाईल ते सांगता येत नसे. वाऱ्याने फिरे, जमिनीवर आपटून उसळे, कधी सोडणाऱ्यांच्याच रांगेकडे वळे. घाबरवण्याला तो बिनतोड होता, घोडे आणि हत्ती त्याच्यापुढे टिकत नसत. एका विशिष्ट माणसाला एका विशिष्ट जागी गाठणे मात्र त्याच्याकडून होत नसे. त्याला जी काही थोडी दिशा राही ती मागे बांधलेल्या मुक्या बांबूमुळे, ज्यात आगीचा कण नसे. हा दृष्टान्त फार ताणत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने अशी माणसे पाहिली आहेत, आणि आरशातही पाहिली आहेत.

मग कुरुक्षेत्रावर भगवंतांनी अर्जुनाला जे सांगितले त्याचा अर्थ आणखी एक पदर उलगडून समोर येतो. ज्याला दोन्ही हातांनी धनुष्य ओढता येई, डावा-उजवा असा भेदच नव्हता, त्याला सव्यसाची म्हणून हाक मारून, म्हणजे त्याच्या धनुर्धरपणाचा सगळ्यात मोठा मान उच्चारून, त्याच वाक्यात तू केवळ निमित्त हो असे सांगितले. (पोपटाच्या डोळ्याची गोष्ट मी इथे सांगत नाही, ती सगळ्यांनी सांगितली आहे, मुळात तो पोपट नव्हता, झाडावर ठेवलेला कृत्रिम भास पक्षी होता.) जगातल्या श्रेष्ठ धनुर्धराला बाण व्हायला सांगणे, हे त्या उपदेशाचे मर्म मला वाटते. आणि अर्जुन ते किती झाला हे भीष्मपर्वाच्या शेवटी दिसते. पितामह शरांच्या शय्येवर पडले, मस्तक खाली लोंबत होते, त्यांनी उशी मागितली, राजांनी मऊ उशा आणल्या. त्या त्यांनी नाकारल्या, मग अर्जुनाने तीन बाण मारून मस्तकाला आधार दिला. पुढे तहान लागली तेव्हा आणखी एक बाण जमिनीत सोडून पाणी काढले. धनुष्य तेच, हात तोच: शय्या त्यानेच केली, उशी त्यानेच दिली, पाणीही त्यानेच पाजले. बाणाला वैर नव्हते म्हणून त्याला वैर संपल्यावर बदलावे लागले नाही. मुंबईत वाळकेश्वरी बाणगंगेच्या पायऱ्यांवर उभे राहिले की हीच गोष्ट रामाच्या नावाने सांगितली जाते, तिथेही पाणी बाणानेच काढलेले आहे. कोकणाला भूमी, वाळकेश्वराला पाणी. आपल्या लोकांनी बाणाकडून मागितले तरी काय मागितले, पाहा.

आजच्या काळात बाण शस्त्रागारातून निघून मैदानावर आला आहे, आणि त्याचे मला मनापासून बरे वाटते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेतले, म्हणजे पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात बसले. ते वर्तुळ आठ सेंटिमीटर रुंद असते आणि पन्नास मीटरवर असते; प्रतिस्पर्ध्याचे १४९ झाले, एका गुणाने निकाल लागला. हे कंपाउंड धनुष्य जुन्या धनुष्याच्या आणि क्रॉसबोच्या मधले आहे असे म्हणता येईल. त्याच्या टोकांना चाके असतात, पूर्ण ओढल्यावर ती ताणाचा मोठा वाटा आपल्यावर घेतात, आणि दोरी बोटांनी न सोडता हातातल्या लहान यंत्राने सुटते. परंतु चाके सगळा ताण घेत नाहीत, थोडा खेळाडूच्या पाठीत ठेवतात, आणि मला हा समेट फार शहाणपणाचा वाटतो. सुटल्यावर पन्नास मीटर जायला बाणाला अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. त्या वेळात खेळाडू काहीही करू शकत नाही. चांगला खेळाडू काही करण्याचा प्रयत्नही करत नाही. तो हात आहे तिथेच राहू देतो, आणि प्रशिक्षक त्या राहू देण्याकडेच पाहत असतात.

एका गोष्टीबद्दल उपनिषद मौन आहे: लक्ष्यात शिरून तन्मय झालेल्या बाणाचे पुढे काय होते. वाल्मीकींनी मात्र ते सांगितले आहे. रावणाचे हृदय भेदून, रक्ताने माखून तो बाण जमिनीत शिरला आणि काम झाल्यावर एखाद्या विनीत सेवकासारखा गुपचूप पुन्हा रामाच्या भात्यात येऊन बसला. एवढा मोठा वध करून आलेला बाण भात्यात इतरांच्या शेजारी बसला, त्याला वेगळी पेटी मिळाली नाही. मैदानावरही बाण परततात, फक्त ते आणायला चालत जावे लागते. एका हाताचा पंजा लक्ष्यपत्रावर दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने बाण अगदी मुळाशी पकडायचा, किंचित पिळा देत सरळ मागे ओढायचा; वर-खाली हलवला तर काडी दुखावते. मग कार्बनचा तो बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ न्यायचा, थोडा वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा आणि आतून बारीकशी करकर ऐकू येते का ते पाहायचे, कारण तडा गेलेला बाण पुढच्या वेळी दोरीचा रेटा आला की हातातच फुटतो. ज्यातून आवाज येतो तो बाजूला ठेवतात, मग तो कितीही वेळा दहाच्या वर्तुळात बसलेला असो.